गाडी लागू नये म्हणून: विनाचालक गाडीच्या अंतर्भागाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

आज काम हाती घेतलं. चार माणसांची विनाचालक गाडी. स्टिअरिंग नाही, पेडल नाहीत. प्रवास वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतचे. आतल्या बाजूचा आराखडा आम्हा तिघांकडे आहे आणि मागणी एका ओळीची: प्रवाशाला आत बसून काम करता यावं, करमणूकही व्हावी.

आधी गाडी किती स्वतः चालेल याची पातळी ठरवली. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०१६ या मानकात ० ते ५ अशा सहा पातळ्या आहेत. तिसऱ्या पातळीत गाडी स्वतः चालते, पण तिने हाक मारली की माणसाला ताबा घ्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या १५७ क्रमांकाच्या नियमात (२०२०) तर लिहिलंच आहे, की ताबा घेण्याची सूचना निघाली की गाडीच्या पडद्यावर चाललेली इतर कामं आपोआप बंद झाली पाहिजेत. वाक्य अर्धवट टाकून कधीही उठावं लागेल या धास्तीत कुणाला नीट लिहिता येणार नाही. म्हणून आम्ही चौथी पातळी धरून चाललो आहोत. ठरलेल्या हद्दीत गाडी सगळं स्वतः निभावेल, अडली तर स्वतःच सुरक्षित जागी थांबेल. प्रवाशावर कसलीही जबाबदारी नाही.

पहिलं रेखाचित्र तिघांनी वेगवेगळं काढलं आणि तिघांचंही एकच निघालं: समोरासमोर आसनं, मधे टेबल. मर्सिडीजने २०१५ साली एफ ०१५ या संकल्पना-गाडीत फिरणारी पुढची आसनं दाखवली, झूक्स या विनाचालक गाड्यांच्या कंपनीने २०२० मध्ये समोरासमोर बसायची टॅक्सी दाखवली. ही चित्रं डोक्यात इतकी पक्की बसली आहेत, की दुसरं काही सुचण्याआधी हात तेच काढतो.

६ फेब्रुवारी

प्लायवुड आणि पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा सांगाडा कार्यशाळेत उभा झाला. सुतारकाकांनी दोन दिवसांत आसनांच्या चौकटी आणि मधलं टेबल बसवलं. आठ-दहा जणांना आत बसवलं आणि सगळे खूश झाले. एकाने पाय पसरले, दोघं लॅपटॉप उघडून समोरासमोर बोलत बसले.

पण हा सांगाडा जमिनीवर उभा आहे. तो हलत नाही, त्यामुळे आजच्या कौतुकाला मी फारशी किंमत देत नाही. नोंद एवढीच, की समोरासमोर बसल्यावर दोघांच्या गुडघ्यांमधे किमान वीतभर जागा लागते, नाहीतर अनोळखी माणसं अंग चोरून बसतात.

११ फेब्रुवारी

एका जुन्या व्हॅनच्या मागच्या भागातली आसनं काढून आमचा सांगाडा आत बसवला. पुठ्ठ्याचे भाग वगळले. आसनं आणि पट्टे व्हॅनच्या मूळ जागांवर पक्के बोल्ट केले, कारण खऱ्या रस्त्यावर खरी माणसं बसणार आहेत. चालकामागे फक्त त्याला झाकेल एवढा कापडी पडदा लावला, म्हणजे प्रवाशाला तो दिसणार नाही आणि गाडी आपणहून चालली आहे असं वाटेल. चालवायला कार्यशाळेतलेच काका. त्यांना एवढंच सांगितलं, की हळूवार चालवा, जशी यंत्राने चालवावी तशी.

मी उलट्या दिशेच्या आसनावर बसले आणि मांडीवर अहवाल घेऊन वाचायला लागले. पाचव्या मिनिटाला जांभया यायला लागल्या, आठव्याला मानेमागे घाम. बाराव्या मिनिटाला काकांना थांबायला सांगावं लागलं. मला गाडी लागली होती. लहानपणी लागायची, पण ते कधीच मागे पडलं असं मी समजत होते.

समोर बसलेला सहकारी ठीक होता. तो प्रवासाच्या दिशेने तोंड करून बसला होता आणि बाहेर बघत होता. मग आम्ही जागा बदलल्या. त्यालाही वाचायला दिलं. दहा मिनिटांत त्याचा चेहरा उतरला.

१२ फेब्रुवारी

काल रात्री आणि आज दिवसभर फक्त वाचन. हे आधी करायला हवं होतं.

गाडी का लागते याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी १९७५ साली मांडलं: आतला कान सांगतो की आपण हलतो आहोत, डोळे सांगतात की पान स्थिर आहे, आणि मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत. चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण येणार हे त्याला आधी माहीत असतं. तो मान आधीच वळणाच्या आतल्या बाजूला झुकवतो. प्रवाशाची मान मात्र बाहेर फेकली जाते. आपण चालक काढून टाकतो आहोत, म्हणजे गाडीतला एकमेव न लागणारा माणूस काढून त्याच्या जागी आणखी एक लागणारा बसवतो आहोत. मिशिगन विद्यापीठाच्या सिवाक आणि शोटल यांनी २०१५ मध्येच हा इशारा दिला होता.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वारंवारितेची. आयएसओ २६३१-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मळमळ आणणारी हालचाल ०.२ हर्ट्झच्या आसपासची असते, म्हणजे पाच सेकंदांना एक हेलकावा. हे मोजमाप मुळात जहाजांवरच्या उभ्या हालचालीतून आलं. पण गर्दीच्या रस्त्यावर गाडी थांबते, निघते, पुन्हा थांबते, तीही लय याच टापूत पडते. खड्ड्यांचे दणके त्याहून कितीतरी जलद असतात. त्यांनी पाठ दुखते, मळमळ होत नाही. हे कळल्यावर माझा सगळा हिशोब बदलला. मी आसनाच्या गादीवर मेहनत घेणार होते. गादी दणके गिळते, पाच सेकंदांचा हेलकावा ती गिळू शकत नाही.

याच मानकात त्रासाची मात्रा वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. हालचाल तीच राहिली, तर प्रवास चौपट झाल्यावर मात्रा दुप्पट होते. म्हणजे दहा मिनिटांच्या चाचणीत बरं वाटलं म्हणून चाळीस मिनिटं बरं वाटेल असं धरायचं नाही. यापुढची प्रत्येक चाचणी किमान अर्ध्या तासाची.

मोजायला शून्य ते दहाची पट्टी घेतली आहे, संशोधक वापरतात ती. शून्य म्हणजे काहीच नाही, सहापासून मळमळ सुरू, दहा म्हणजे उलटी. आमचा नियम: कुणी पाचवर गेलं की गाडी थांबवायची.

१९ फेब्रुवारी

समोरासमोरच्या मांडणीवर आज दीड तास वाद झाला. माझं म्हणणं होतं की ती सोडून द्यावी. सहकारी म्हणाली, चार मित्र एकत्र निघाले तर त्यांना एकमेकांची तोंडं दिसायला हवीत, तीही करमणूकच आहे. तिचं खरं आहे. गप्पा मारणारा माणूस मान वर करून बसतो, खिडकीही त्याच्या नजरेत राहते, त्यामुळे त्याला वाचणाऱ्याइतका त्रास होत नाही. पण मागणीत पहिला शब्द काम हा आहे, आणि उलटं बसून काम होत नाही. वेमो या विनाचालक टॅक्सीच्या कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये फिनिक्समध्ये चालकाविना सेवा सर्वांसाठी खुली केली, ती सरळ आसनांच्या नेहमीच्या मिनीव्हॅनमध्ये. लोक त्यात बसून जात होते.

ठरलं: चारही आसनं प्रवासाच्या दिशेने. पुढची दोन आसनं गाडी थांबलेली असतानाच फिरतील. मागणी देणाऱ्यांना हे आवडलेलं नाही. त्यांना चित्रात समोरासमोरची आसनं हवी होती. मी त्यांना व्हॅनमधे उलटं बसवून वाचायला देण्याचं ठरवलं आहे. माझ्या बोलण्यापेक्षा त्याने लवकर पटेल.

२६ फेब्रुवारी

आज सगळा दिवस पडद्याच्या उंचीवर गेला, आणि या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा दिवस हाच ठरला.

क्युपर, बॉस आणि डिल्स यांचा २०१८ चा अभ्यास वाचला होता. पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर खाली ठेवण्यापेक्षा त्रास कमी होतो, कारण कडेच्या नजरेला बाहेरचं जग दिसत राहतं. ते स्वतः करून बघितलं. एक ॲल्युमिनियमची दांडी, तिला भोकं, त्यावर टॅबलेट. तीन उंच्या: मांडी, छाती, डोळे. गेल्या तीन दिवसांत पाच जणांना प्रत्येक उंचीवर अर्धा तास फिरवलं, दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती देऊन. मांडीच्या उंचीवर दोघांची फेरी मधेच थांबवावी लागली. डोळ्यांच्या उंचीवर कुणाचीच नाही. पाच जणांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण दिशा कळायला एवढं पुरे आहे.

मग खरी अडचण समोर आली. पडदा डोळ्यांसमोर आणला तर तो नेमका पुढच्या काचेच्या आड येतो, म्हणजे ज्यासाठी तो वर आणला तेच झाकलं जातं. मोठा पडदा लावायचा मोह आवरावा लागला. शेवटी पुढच्या आसनांसाठी काचेच्या खालच्या कडेला टेकणारा, रुंद पण बुटका पडदा ठरला. रस्ता त्याच्या वर दिसतो, दोन्ही बाजूंनाही दिसतो. मागच्यांसाठी दोन पुढच्या आसनांच्या मधली फट मोकळी सोडली, डोकं टेकायच्या गाद्या अरुंद केल्या आणि पडदे त्या फटीच्या कडेला आणले.

आणि फोन. कोणत्याही पडद्याची उंची ठरवा, माणूस फोन काढतो आणि मान खाली घालतो. आज पाचही जणांनी तेच केलं. आम्ही महिनाभर लॅपटॉपसाठी जागा आखत होतो आणि हाताशी असलेली वस्तू विसरलो होतो. म्हणून प्रत्येक आसनाच्या दारालगतच्या बाजूला एक वाकणारा दांडा दिला आहे, त्यावर फोन चिकटतो आणि डोळ्यांसमोर येतो. कोपराला टेका मिळाला तर हात अवघडत नाही, त्यामुळे टाइपही करता येतं. हा दांडा मला सगळ्या पडद्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

५ मार्च

टेबल. सोपं वाटलं होतं.

सुतारकाकांनी केलेलं पहिलं टेबल सुंदर होतं, घट्ट होतं, आणि तेच चुकलं होतं. धडकेत माणसाचं धड पट्ट्यासकट थोडं पुढे जातंच. पोटासमोर घट्ट फळी असेल तर तिची कड पोटात शिरते, आणि पोटाला बरगड्यांचं संरक्षण नसतं. शिवाय डोकं खाली येऊन आदळतं ते वेगळंच. गाडीच्या आतल्या भागांची परीक्षा ज्या नियमाने होते, त्यात ६.८ किलोचा डोक्याच्या आकाराचा गोळा ताशी सुमारे २४ किलोमीटर वेगाने आपटतात, आणि त्याचा वेग कमी होण्याचा दर सलग ३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त काळ ८० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ऐंशी पटीच्या, वर जाता कामा नये. आमच्या प्लायवुडची ती परीक्षा घेण्याचीही गरज नाही.

वरची वस्तू हा दुसरा प्रश्न. दीड किलोचा लॅपटॉप ३० जीच्या धक्क्यात ४५ किलोच्या वजनासारखा पुढे सुटतो. टेबलावर सुटा लॅपटॉप म्हणजे पुढच्याच्या डोक्यामागे ठेवलेला दगड.

नवी रचना अशी. टेबल समोरून नाही, दाराच्या बाजूच्या हातातून वळून येतं. आकार लॅपटॉपपुरताच. गाभा मऊ फेसाचा, कडा जाड आणि गोल. बिजागरीत ठरावीक जोर आला की तुटणारी पिन, म्हणजे धडकेत फळी खाली पडेल, अडून राहणार नाही. लॅपटॉपला आडवा पट्टा, आणि तो अडकवल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. ही शेवटची कल्पना सहकाऱ्याची. मला ती फार आवडली, कारण सूचना वाचायला न लावता माणसाकडून योग्य गोष्ट करून घेते.

पिन किती जोरावर तुटावी हे आम्ही अंदाजाने ठरवू शकत नाही. धडक-चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेचंच ते काम. आराखड्यावर तसं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.

७ मार्च

मागे रेलून झोपायचं आसन. झोप हीही करमणूकच, कित्येकांना पडद्यापेक्षा तीच हवी असते. पण आसन फार आडवं झालं की धडकेत कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर चढतो आणि माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. आमचा निर्णय: पट्टा गाडीच्या खांबाला नाही, आसनालाच जोडलेला, म्हणजे आसन कसंही ठेवलं तरी तो अंगावर नीट बसतो. मांडीखालची गादी पुढून उचललेली, म्हणजे घसरायला चढ लागतो. आणि गाडी चालू असताना रेलण्याला मर्यादा. पूर्ण आडवं आसन मिळणार नाही. जाहिरातीत तेच शोभून दिसतं हे खरं, तरीही नाही.

१४ मार्च

हलत्या गाडीत बोट पडद्यावर नेमकं पडत नाही. उभ्या हादऱ्यांना माणसाचं धड ४ ते ८ हर्ट्झच्या टापूत सगळ्यात जास्त साथ देतं, म्हणजे त्यांच्याबरोबर हलतं, आणि रस्त्याचे हादरे बरेचसे तिथेच असतात. बटणं मोठी केली, पण खरा फरक पडला तो मनगट टेकायला कड दिल्यावर. आवाज आणि थंडावा यांच्यासाठी हाताने फिरवायची गोल खुंटी ठेवली, न बघता सापडते. बघावं न लागणं ही इथे चैन नाही, मळमळ टाळायचा उपाय आहे.

२१ मार्च

पुढची हालचाल प्रवाशाला आधी कळली तर त्रास कमी होईल, हा धागा १२ फेब्रुवारीपासून मनात होता. चालकाकडे असलेली माहिती प्रवाशाला द्यायची, पण त्याचं काम न मोडता.

आधी आवाज करून पाहिला. ब्रेक लागण्याआधी हलका टणत्कार. गर्दीच्या रस्त्यावर तो इतक्या वेळा वाजला, की वीस मिनिटांत सगळे वैतागले. एकाने विचारलं, काही बिघडलंय का? सावध करणारा आवाज भीती घालतो. काढून टाकला.

मग खिडकीच्या खालच्या कडेला दिव्यांची पट्टी लावली. गाडी डावीकडे वळणार असेल तर साधारण एक सेकंद आधी उजेड डावीकडे सरकतो, थांबणार असेल तर पुढे गोळा होतो. सध्या ती पट्टी आमच्यातला एक जण चालकाशेजारी बसून हाताने चालवतो. खऱ्या गाडीत मार्ग आखणाऱ्या संगणकाला हे आधीच माहीत असेल. उजेड मंद, रंग एकच. वाचणाऱ्याच्या कडेच्या नजरेला तो जाणवतो, मान वर करावी लागत नाही. ॲपलने २०२४ मध्ये आयफोनच्या पडद्याच्या कडांना गाडीबरोबर सरकणारे ठिपके दिले, तेही याच जातीचं. फरक एवढा, की फोनला हालचाल झाल्यावर कळते आणि गाडीला होण्याआधी.

तिघांना पट्टीसह आणि पट्टीशिवाय फिरवलं. दोघांचा आकडा खाली आला. तिसऱ्याला पट्टी दिसलीच नाही, पण त्याला तसाही त्रास होत नव्हता. अजून माणसं हवीत.

२ एप्रिल

आज एक आजी बसल्या, सत्तरीच्या पुढच्या. लॅपटॉप नाही, सिनेमा नको. पट्टा लावून झाल्यावर पहिला प्रश्न: “आता ही कुठून चालली आहे?” आणि दर थोड्या वेळाने: “इथे का थांबली?”

आमच्याकडे उत्तर द्यायला जागाच नव्हती. आम्ही पडद्यावर सिनेमा, मीटिंग, खेळ सगळं ठेवलं होतं आणि गाडीला काय दिसतं आहे हे कुठेही नव्हतं. चालक असता तर आजींनी त्याला विचारलं असतं. पडद्याची डावीकडची अरुंद पट्टी आता कायम गाडीची राहणार: पुढचं वळण, थांबण्याचं कारण एका ओळीत मोठ्या अक्षरात, पोचायची वेळ. सिनेमा चालू असला तरी ती झाकायची नाही. आणि थांबवायचं बटण खरं, दाबलं की आत जाणारं, बसल्या जागी हात पोचेल तिथे.

आजींनी उतरताना दाराजवळची पकड उंच असल्याचं सांगितलं. उद्या खाली आणतो आहोत.

१८ एप्रिल

कापडं ठरली. अमेरिकेच्या मानकात आतल्या साहित्याची ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे सरकता कामा नये, ती अट सगळ्या नमुन्यांच्या कागदांवर तपासली. शिवणी कमी, कारण दिवसभर वेगवेगळी माणसं बसणार आणि मळ शिवणीत साठतो. कॅमेऱ्याबद्दल एकमत: थांबलेल्या गाडीत कुणी आजारी पडलं तर मदत पोचवायला तो हवा, पण तो चालू आहे हे दिव्याने दिसलं पाहिजे.

बाजूच्या खिडक्यांची खालची कड चार बोटं खाली आणली. दारात तेवढी जागा काढायला फोनच्या दांड्याची बैठक हलवावी लागली. सहकारी म्हणाली, महिनाभर आपण खिडकीसाठीच सगळं सरकवतो आहोत. ते बरोबर आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. काम करणाऱ्यालाही पडद्याच्या भोवती रस्ता दिसला पाहिजे, नाहीतर ते काम पंधरा मिनिटांत संपतं.

२९ एप्रिल

सगळ्या बदलांसह पन्नास मिनिटांची फेरी. मी पुन्हा बसले, कारण गाडी लवकर लागणारी मीच आहे. हातात तोच अहवाल, पण आता समोरच्या पडद्यावर. टेबल बाजूने ओढलेलं, लॅपटॉप पट्ट्यात. पहिली वीस मिनिटं शून्य. गर्दीच्या चौकापासून पुढे दोन, मग तीन. पस्तिसाव्या मिनिटाला मी वाचणं थांबवून बाहेर बघितलं, पाच मिनिटांत आकडा एकवर आला, पुन्हा वाचायला घेतलं. अहवाल शेवटपर्यंत वाचून झाला.

दोन गोष्टी सुधारायच्या आहेत. पडद्याचा वरचा भाग माझ्या उंचीच्या माणसाला रस्ता किंचित झाकतो, दांडीला खाली आणखी दोन भोकं हवीत. आणि ब्रेकचा उजेड उन्हात दिसत नाही. काकांनी स्वतःहून विचारलं, की थांबताना अजून हळू पाय ठेवू का. त्यांना सांगितलं की नको, यंत्रही चुकणारच आहे, आम्हाला तशीच गाडी हवी. सोमवारी तीच फेरी संध्याकाळच्या गर्दीत.